मदत हवी आहे: नागपूर ते बेंगळुरू विमानाला खरंच किती वेळ लागतो?

आम्ही आर्णीजवळच्या खेड्यातले, जिल्हा यवतमाळ. ताई बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते, पुढल्या महिन्यात बाळंतपण आहे. आईला सोडायला मी जातोय. रेल्वेनं नागपूरहून वीसेक तास. तिचे गुडघे पाहता विमानच ठरवलं. घरात आजवर कोणी विमानात बसलेलं नाही.

घोळ असा की एका साइटवर अंतर ९२० किमी, नकाशा १,०९० च्या आसपास सांगतो आणि तिकिटावर १ तास ५० मिनिटं. पुतण्या म्हणतो, ताशी ८०० नं गेलं तर सव्वा तासात पोचायला पायजे. विमान दुपारी २:१० चं आहे. घरून किती वाजता निघू? बाबांचा हट्ट आदल्या रात्रीच निघा.

आणि आईनं डिंकाचे लाडू, तूरडाळ, लोणचं, खोबऱ्याच्या वाट्या असं बांधायला काढलंय. चालेल का?

पऱ्हाटी:
१,०९० रस्त्याचे, ९२० सरळ रेषेतले. पुतण्याचा हिशोब वर गेल्यावरचा. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची राह्यते. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात. हवेत साधारण दीड तास.

चिंचभवनकर:
भाऊ, विमानाचं सोडा, तुमचा खरा प्रवास आर्णी ते सोनेगाव, म्हणजे नागपूरचं विमानतळ, हा आहे. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत कारनं चार तास धरा. विमानतळ वर्धा रोडवरच, शहराच्या अलीकडे. एसटीनं आलात तर गणेशपेठेच्या बसस्टँडपर्यंत जाऊन उलटं येऊ नका, कंडक्टरला आधीच सांगून वर्धा रोडवरच उतरा, तिथून ऑटो. सामान घेणारा काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतो. बाराला पोचायचं, म्हणजे साडेसातला घर सोडा. रात्री कायले निघता?

आईसाठी विमान कंपनीला फोन करून व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. गुडघे दुखत असतील तर लाजू नका, दोन्हीकडे चालणं फार आहे.

देवनहळ्ळीकर (मूळची दारव्ह्याची):
इकडचंही ऐका. विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीत, इलेक्ट्रॉनिक सिटी पार दक्षिणेला. चारला उतरलात तरी बॅगा घेऊन बाहेर पडेपर्यंत पावणेपाच, मग ऐन गर्दीची वेळ. दोन तास तरी धरा. वायुवज्र बस आहे, पण आई सोबत असताना टॅक्सीच बरी. ताईला सांगा, जेवण रात्री आठचं ठेव.

लोणचं मोठ्या बॅगेत, बरणी नीट बांधून. तिखटाचं तेल गळलं की साड्या गेल्या समजा. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतात म्हणून चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या सामानात चालत नाहीत. इथे मिळतं खोबरं.

धागाकर्ता:
साडेसात पक्कं. बाबा अजून नाराज आहेत. खोबरं राहिलं. पण आई विचारते, लाडवात किसून घातलंय त्याचं काय करू?

देवनहळ्ळीकर:
लाडू आणा. दोन माझ्यासाठीही.