भाऊ एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधावर) आहे, गोळ्या बरोबर घेते पण मन लागत नाही. घरी येऊन बोलणारं कोणी भेटते का?

तूरवाला_यवतमाळ
माह्या मोठ्या भावाबद्दल विचाराचं होतं, गाव सांगत नाही. वय छत्तीस. एआरटी सुरू आहे, गोळ्या टायमावर घेते, मागचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची तपासणी) पण नॉट डिटेक्टेड आला, म्हणजे विषाणू सापडला नाही. पण दिवाळीपासून माणूस पार बदलला. कापूस वेचाले मजूर आले तरी हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून, रात्रभर जागा, आईनं ताट समोर ठेवलं तर चार घास. वहिनी माहेरी गेली ते आलीच नाही, तेच कारण का अजून काही, तो बोलतच नाही. सेंटरवर काउन्सेलर मॅडम आहे पण गर्दी अशी की गोळ्या मोजल्या, सही झाली, पुढचा. मानसोपचारवाल्याकडे चाल म्हटलं तर म्हणते एक शिक्का लागला तो पुरे नाही का, आता येडा म्हणून दुसरा लावता? घरी येऊन बोलणारं कोणी भेटते का, अन आलं तर शेजाऱ्यायले काय सांगाचं, आमच्या गल्लीत अनोळखी गाडी थांबली तरी पाच जण विचारते.

रानफूल
दादा, मी स्वतः पॉझिटिव्ह आहे अन आउटरीचचं, म्हणजे पेशंटला जाऊन भेटायचं काम केलंय. काउन्सेलरलाच विचारा की आपल्या जिल्ह्याचं काळजी व आधार केंद्र कुठं आहे, विहान म्हटलं तरी समजते. तिथले बरेच कार्यकर्ते पॉझिटिव्हच असतात, म्हणून भाऊ त्यांच्यासमोर बोलेल. शेजाऱ्यांचं टेन्शन बरोबर आहे तुमचं. आम्ही जायचो तर गळ्यात आयकार्ड नाही, संस्थेची बॅग नाही, आधी फोन. एका दादाला घर नकोच होतं तर त्याच्या वावराच्या धुऱ्यावर बसायचो, हरभऱ्याचे घाटे सोलत. सुरुवातीला तो फक्त बोंडअळीबद्दल बोलायचा, मीही तेच बोलायची. मग एक दिवस म्हणे, ताई, पोरगी मांडीवर आली की मी तिला बाजूला करतो. जवळ घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे होतच नाही, अन लोड सापडत नाही असा टिकून असला तर संबंधातूनही जोडीदाराला होत नाही, हे त्याला कोणी समोर बसून सांगितलंच नव्हतं. तुमच्या वहिनीला तरी सांगितलंय का कोणी?
अजून एक, गोळी टीएलडी (तीन औषधं एकत्र असलेली एआरटीची गोळी) असेल तर त्यातल्या डोल्युटेग्राव्हिरनं काहींची झोप जाते. रात्री घेत असेल तर सकाळी घेऊ का असं डॉक्टरला विचारा. मनानं बंद करू नका.

संत्रा_बर्फी
गप्पा मारून डिप्रेशन जाते का बावा, सरळ डॉक्टरले दाखवा.

वऱ्हाडची_आशा
जाते कधी कधी, अन नाही गेलं तर डॉक्टरपर्यंत माणूस पोचते तरी. आमच्या अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, ३० गावात, गावातल्याच माणसांना शिकवून. आधी डिप्रेशनवाल्या शंभरातले चार-पाचच कुठं मदत घ्यायचे, दीड वर्षात ते २७ वर गेलं. तो एचआयव्हीसाठी नव्हता, पण घरोघर जाणं हेच त्याच्यात होतं.
आता आम्हा आशा सेविकांवर येते. आशाले कळलं म्हणजे गावाले कळलं असं लोक म्हणतात, राग येते, पण कुठं कुठं खरंय. म्हणून आशाले एचआयव्ही सांगूच नका. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (तब्येतीच्या प्रश्नांचा) आम्ही भरतोच, त्यात मनाचे दोन प्रश्न असतात, दोन आठवड्यात कामात रस वाटला नाही का, उदास वाटलं का. खरं उत्तर दिलं की सीएचओ (उपकेंद्रावरच्या आरोग्य अधिकारी) मॅडम पुढं पाठवते, कागदावर फक्त झोप नाही, जेवण नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरले मात्र एआरटी चालू आहे हे सांगाच, औषधं एकमेकांत अडकतात. अन कोणत्याही दवाखान्यानं भावाच्या मर्जीशिवाय हे बाहेर सांगाचं नाही, २०१७ चा कायदाच आहे.
एक गोष्ट आजच करा. फवारणीचे डबे घरात असतील तर कुलपात, चावी तुमच्याजवळ. अन त्याले सरळ विचारा, जीव द्यावासा वाटते का. विचारल्यानं डोक्यात येते असं नसते. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या.

तूरवाला_यवतमाळ
डबे परसातल्या कोठीत आहेत, काढतो आत्ताच. फोनवर बोलाले तो तयार होईल असं वाटते, तोंड दिसत नाही ना.

रानफूल
मग १४४१६, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठी निवडता येते. सांगा वावरात जाऊन लाव म्हणून, घरात आई ऐकते असं वाटलं तर तो बोलणार नाही. एचआयव्हीची माहिती पाहिजे तर १०९७ वेगळा आहे. अन विहानवाल्यांना भावाच्या होकाराशिवाय घरी बोलावू नका दादा, अचानक कोणी दारात आलं तर तो तुमच्यावरच चिडेल.

तूरवाला_यवतमाळ
बरं ताई. संध्याकाळी तुरीले पाणी द्याले सोबत नेतो, तिथंच विचारतो. वहिनीच्या भावाले पण फोन लावाचा आहे.