दुधाचे दात बँकेत ठेवायचे का? माझं मत – नाही

केळीवाला, रावेर
मंडळी, पोराचा पुढचा दात हलत होता म्हणून जळगावला दाताच्या एका दवाखान्यात नेलं होतं, तर तिथे टाय लावलेला एक पोरगा चकचकीत पत्रकं घेऊन बसलेला. म्हणे काका हा दात फेकू नका, यात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी असतात, आम्ही उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतो, उद्या पोराला शुगर झाली, हार्टचं काही निघालं, लकवा मारला तरी यातूनच इलाज. वरून हप्त्याची सोय! बायको तिथेच अर्धी तयार झाली. मी म्हटलं घरी जाऊन सांगतो, आणि मग बसून वाचून काढलं.

विज्ञान खोटं नाही हे आधीच सांगतो. २००० साली अमेरिकेच्या सरकारी दंतसंशोधन संस्थेत अक्कलदाढेच्या गरातून, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ भागातून या पेशी वेगळ्या केल्या आणि २००३ ला सॉन्गताओ शी आणि त्यांच्या सोबतच्यांनी दुधाच्या दातातही त्या असतात हे दाखवलं. शी साहेबांना ते सुचलं स्वतःच्या मुलीचा दात पडला तेव्हा. पण आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की बँकिंगची परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला आहे, दाताला नाही. मग हा गडी पैसे कोणत्या लायसनवर घेतोय?

चोपड्याचा भो
आमनी आजी सांगे, दात पडना का धाबावर फेकी द्या, उंदीरमामा नवा दी जाई. आते उंदीरमामालेबी हप्ता भरना पडी का भो? 😂

धुळ्याची आई
केळीवाले भाऊ, तुमचं पटलं नाही. नियम नेहमीच मागे असतात, विज्ञान पुढे पळतं. माझ्या मुलीच्या वेळी नाळेचं रक्त ठेवायचं राहून गेलं, तेव्हा कोणी नीट सांगितलंच नाही, आणि आता दुसरी संधी आलीय तर तीही सोडून देऊ का? सासरी सगळ्यांना शुगर आहे, तिला उद्या झाली तर मी काय सांगू तिला, की आयसीएमआरचा कागद वाचत बसले होते? लग्नात डीजेवर उडवतो त्याच्यापेक्षा कमीच पैसे लागतात. नाही उपयोग झाला तर नाही, पण ठेवलंच नाही तर मार्गच बंद ना.

बीडीएस फायनल इयर
ताई, तुमची काळजी समजते, पण शुगर, हार्ट, लकवा यातलं एकही आज दाताच्या पेशींनी बरं करून देता येत नाही. शुगरवरचं काम बरचसं प्रयोगशाळेत आणि उंदरांवर आहे. लकव्यावर जपानमध्ये माणसांवर चाचणी झाली, पण पेशी दुसऱ्यांच्या दातातल्या वापरल्या, रुग्णाच्या स्वतःच्या नव्हे. म्हणजे पुढे औषध निघालंच तर ते कदाचित असं तयार बाटलीतून येईल, तुमच्या मुलीचा जपून ठेवलेला दात लागेलच असं नाही.

पण केळीवाले काका, सरसकट फसवणूक म्हणू नका. चीनमध्ये शिआन शहरात मार लागून पुढच्या कायमच्या दाताची नस मेलेली मुलं घेतली, त्यांच्याच दुधाच्या सुळ्यातला गर काढून पेशी वाढवल्या आणि मेलेल्या दातात भरल्या. दातात रक्तपुरवठा परत आला, संवेदना आली, अर्धवट राहिलेलं मूळ वाढलं. २०१८ ला छापून आलं. रूट कॅनालमध्ये आपण नस काढून रबरासारखं मटेरियल भरतो, तो दात मेलेलाच राहतो, त्या मानाने ही फार मोठी गोष्ट आहे.

केळीवाला, रावेर
बाळा, तुझ्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतोय. त्या मुलांचा सुळा तोंडातच होता, तिथून काढला आणि वापरला, वीस वर्ष गोठवलेला नव्हता. बँक आली कुठे यात?

आणि धुळ्याच्या ताई, आमच्याकडे केळीचं टिश्यूचं रोप लावतात, जी नाईन, तुम्हालाही माहीत असेल. लॅबमध्ये कोंबाचा एवढासा तुकडा घेतात आणि त्यातून मूळ, खोड, पान, घड असलेलं पूर्ण झाड उभं राहतं. तो पत्रकवाला पोरगा नेमका हाच समज करून देतो, की दातातून हृदय, दातातून किडनी, काही पण. गरातल्या पेशींचं तसं नाही ना. त्यांच्यापासून दाताचा, हाडाचा, कूर्चेचा, चरबीचा माल होतो, नसांसारख्या पेशी होतात लॅबमध्ये, बस. त्याला हप्ता भरणं म्हणजे उगवणशक्तीची चिठ्ठी नसलेलं बियाणं घेणं झालं, आणि तसं बियाणं घेऊन आमच्या इकडे किती जण डोक्याला हात लावून बसलेत ते मी रोज बघतो.

सातपुड्याचा मास्तर, धडगाव
इथे विचारू का? आमच्या आश्रमशाळेत सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत, नंदुरबार जिल्ह्यात हा आजार किती आहे ते सगळ्यांना माहीत. एका मुलाच्या बापाला कोणीतरी सांगितलं की धाकट्या बहिणीचा दात ठेव, त्यातून मोठ्याचा इलाज होईल. बाप बैल विकायला निघाला होता. खरं आहे का हे?

बीडीएस फायनल इयर
सर, अजिबात नाही, त्यांना बैल विकू देऊ नका. सिकलसेलला चालतं ते रक्त तयार करणाऱ्या पेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे अस्थिमज्जा (हाडातला मगज) किंवा नाळेचं रक्त, तेही जुळणारं भावंड असेल तर. दातातल्या पेशी रक्त बनवतच नाहीत, त्यांची जातच वेगळी. थॅलेसेमियाला नाही, ब्लड कॅन्सरला नाही. बहिणीची तपासणी करायची तर रक्ताची करा, मॅच होते का बघायला, दाताची नको. आणि आयसीएमआर म्हणतं की रक्ताच्या अशा प्रत्यारोपणासारख्या मान्य गोष्टी सोडल्या तर मंजूर चाचणीबाहेर स्टेम सेल टोचणं हा गैरव्यवहार आहे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी बिल मागितलं की तिथूनच उठायचं.

धुळ्याची आई
मास्तरांचं वाचून वाईट वाटलं, असं सांगणाऱ्याला तर जोड्यानं मारलं पाहिजे. पण माझा प्रश्न तसाच आहे, दात एकदा पडला की गेला, मग पुढे उपयोग निघाला तर?

बीडीएस फायनल इयर
ताई, अक्कलदाढ असते की. सतरा-अठराच्या पुढे येते, बऱ्याच जणांची काढावीच लागते आणि तिच्यातही याच पेशी असतात, २००० ला सापडल्या त्या तिथेच. सगळ्यांना येत नाही हे कबूल. दुसरं म्हणजे आपोआप पडलेल्या दातात बऱ्याचदा जिवंत गर उरलेलाच नसतो, हलून हलून रक्तपुरवठा तुटलेला असतो. घरी डबीत ठेवलेला दात तर विसराच.

चोपड्याचा भो
मस्करी बाजूला, आमच्या भाच्याचा पुढचा पक्का दात क्रिकेटचा बॉल लागून मुळासकट बाहेर आला होता, घरच्यांनी कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी नेला. डॉक्टर म्हणे उशीर झाला. तेव्हा काय करायला पाहिजे होतं?

बीडीएस फायनल इयर
कागदात कधीच नाही, वाळतो. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला हात लावायचा नाही, घासायचं नाही. माती असेल तर पाण्याने हलकेच खळखळायचं आणि जमलं तर जागेवरच बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर दुधात टाकायचा आणि लगेच निघायचं, अर्ध्या तासात पोहोचलात तर चांगलं, तासाच्या पुढे आशा कमी होत जाते. मुळावरच्या पेशी दुधात तग धरतात. आणि हे फक्त पक्क्या दाताचं, दुधाचा दात परत बसवायचा नाही.

चोपड्याचा भो
पिशवीतलं दूध चालेल ना? शाळेजवळच्या टपरीवर तेच मिळतं.

बीडीएस फायनल इयर
चालेल. थंड असलं तर अजून चांगलं, साखर घातलेलं नको.