निळी पाटी कुणाची आणि पुराची रेघ कुणाची?

मुठाकाठ (धागाकर्ता)
आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात जिन्याच्या भिंतीवर आजोबांनी खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ होती. खाली तारीख, १२ जुलै १९६१. त्या रेघेला हात पोचला की आपण मोठे झालो, असा आम्हा पोरांचा हिशोब. गेल्या दिवाळीत रंगाऱ्याने लांबी भरून वर रंग मारला आणि रेघ गेली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याची काय चूक.

दोन घरं सोडून महापालिकेची गोल निळी पाटी आहे, अमुक इथे राहत होते म्हणून. ती मात्र पुसून लख्ख. ती असूच दे. पण पुण्यातल्या पाट्या बहुतेक मोठ्या माणसांच्या पत्त्याच्या आहेत, घडलेल्या गोष्टींच्या फार थोड्या. त्या १२ जुलैला सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासल्याचं गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. सहकारनगर, गोखलेनगर इथल्या वसाहती त्या पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. ज्या एका दिवसाने शहराचा नकाशा बदलला, त्याची पाणीरेषा पेठांत चौकाचौकांत दगडात कोरून का असू नये?

सदाशिवी आडमुठा
असहमत. 'पत्त्याच्या पाट्या' म्हणून नाक मुरडू नका. रानडे, टिळक, आगरकर एकाच गावात, चालत जायच्या अंतरावर राहत होते आणि छापून एकमेकांशी वाद घालत होते. हे पत्ते पाहिल्याशिवाय कळत नाही. मी नातवाला घेऊन पाट्या बघत फिरलो, पोराला दोन तासांत एकोणिसावं शतक समजलं. (शेवटी भेळ कबूल केली होती, हेही खरं.)

हौदावरची म्हातारी
पाटीची गरजच काय? पुण्यात नावंच पाट्या आहेत. सदाशिव पेठ हौद, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा. रिक्षावाल्याला सांगा, बरोबर नेऊन सोडतो.

मुठाकाठ
आजी, सोडतो खरं, पण हौद कसला ते ना त्याला ठाऊक, ना बसणाऱ्याला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, पंप नाही, नुसत्या उतारावर. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधले. ते उच्छ्वास कशासाठी होते हे लिहिलेली चार ओळींची पाटी कुठल्याही पुतळ्याहून जास्त शिकवेल.

गंजपेठकर
तुमचा सगळा इतिहास लक्ष्मी रोडच्या अलीकडेच का संपतो, हा माझा प्रश्न. हौदच म्हणता ना? १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशव्यांचा हौद कुठल्या उतारावर चालला हे सांगाल, पण त्याच्यावर कुणाला पाणी भरता येत नव्हतं ते त्याच पाटीवर लिहाल का? लिहिणार असाल तर मी तुमच्या बाजूने.

मुठाकाठ
लिहायलाच हवं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मान्य.

वाडापाड
मंडळी, पाटी ही श्रद्धांजली असते, संरक्षण नसते. लंडनमध्ये १८६७ साली पहिली अशी पाटी कवी बायरनच्या जन्मघराला लावली आणि १८८९ मध्ये ते घरच पाडलं. आपल्याकडे बुधवार पेठेत भिडे वाडा. १८४८ ची फुल्यांची मुलींची शाळा, आणि वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त. तीही राष्ट्रीय स्मारकासाठी! आधी भिंती वाचवा, मग अक्षरं कोरा.

सदाशिवी आडमुठा
भिडे वाड्याची अवस्था काय झाली होती, पाहिलं होतं का? काही वेळा वास्तू वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. मग पाटी तरी असू द्या. पण मूळ धाग्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पुराची रेघ कुठलाही बिल्डर दारात लावू देणार नाही. 'इथपर्यंत पाणी आलं होतं' असं वाचून फ्लॅट कोण घेईल? थोर पुरुष राहत होते म्हटलं की भाव चढतो, पूर म्हटलं की उतरतो.

नदीपात्रातला अभियंता
आडमुठे काकांनी नकळत धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. पाटबंधारे खात्याच्या नकाशावरही निळी रेषा असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. या रेषांवर बांधकामाच्या परवानग्या अडतात, म्हणून त्या नकाशात राहतात, भिंतीवर येत नाहीत. एक निळी आपण फुलं वाहून पूजतो, दुसरी लपवतो. १९६१ चा पूर धरण फुटून आला, त्याची उंची या हिशोबात थेट बसवता येणार नाही. पण एवढ्यासाठी रेघच नको, हे काही पटत नाही.

सदाशिवी आडमुठा
बरं, तत्त्व म्हणून चला मानलं. पण चुकीच्या उंचीची रेघ ही रेघ नसण्यापेक्षा वाईट. धागाकर्ते, तुमच्या घरची रेघ नेमकी कुठे होती? मापाने सांगा.

मुठाकाठ
आत्ता वडिलांना विचारलं. ते म्हणतात सहाव्या पायरीच्या वर. आत्याला फोन केला, ती म्हणते चौथी, आणि "तुझा बाप तेव्हा आजोळी होता, त्याला काय माहीत." रविवारी दोघांना जिन्यात उभं करतो. लांबी खरवडायला कानस आणली आहे.

सदाशिवी आडमुठा
किती वाजता? आमच्याकडे मोजपट्टी आहे. चहा आमचा आम्ही पिऊन येऊ.