लॅपटॉप मधेच बंद पडतोय : रॅम की मदरबोर्ड?

प्रश्न : तीन आठवडे झाले, लॅपटॉप मधेच निळा स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतोय. विंडोज नव्याने टाकलं, काही फरक नाही. कधी टाइप करताना, कधी नुसता उघडा असताना. एरर दर वेळी वेगळा. माझा प्रबंध यातच आहे, जीव टांगणीला लागलाय.

उत्तर १ : आधी प्रबंधाची कॉपी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर! एरर सारखा बदलतोय म्हणजे माझा पहिला संशय रॅमवर. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी एरर आला तरी तो सोडून देऊ नका. मग रॅमची एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचेत) लावून तपासा, म्हणजे दोष पट्टीत की स्लॉटमध्ये ते कळेल. बॅटरी काढून मगच हात घाला.

उत्तर २ : एसएसडीचा (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचा) स्मार्ट रिपोर्टही, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवाल, बघा. फार तापून बंद पडत असता तर बहुधा निळा स्क्रीन न येता एकदम अंधार झाला असता.

प्रश्नकर्ती : बॅकअप घेतला. दुसऱ्या पट्टीवर २० मिनिटांत मेमटेस्टमध्ये एररच्या लाल ओळी! तिचे सोनेरी पाय काळवंडले होते, खोडरबराने हलकेच पुसले, तरी तेच. आता एकाच पट्टीवर चार दिवस चालू आहे, एकदाही बंद पडला नाही. मनापासून आभार.