आयात शुल्क वाढल्याने इचलकरंजीचे साधे माग टिकतील काय?

प्रश्न : मागवाला
आमचे 24 साधे यंत्रमाग असून आम्ही खर्चीने, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर, कापड विणून देतो. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात निटेड (धाग्याचे फास गुंफून केलेल्या) कापडाच्या नऊ प्रकारांवरील आयात शुल्क वाढवून '20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते' असे करण्यात आले. त्याच वेळी ठरावीक वेगापर्यंतच्या रॅपियर व एअरजेट या बिनधोट्याच्या वेगवान मागांवरील आयात शुल्क माफ झाले. स्वस्त चिनी मालाला आळा बसेल म्हणून थांबावे, की कर्ज काढून रॅपियर घ्यावेत?

उत्तर : सूतगिरणीतील निवृत्त अधिकारी
आपण ज्या शुल्कावर भिस्त ठेवत आहात ते निटेड कापडाचे आहे; आपण विणता ते मागावरचे कापड, त्यामुळे त्याचा थेट लाभ आपणास नाही. शिवाय बांगलादेशात शिवलेले कपडे सवलतीच्या करारामुळे भारतात शुल्काविना येतात आणि त्यांत चिनी कापडही असते. मे 2025 पासून ते भूमार्गे येऊ शकत नाहीत, केवळ न्हावा शेवा व कोलकाता या बंदरांतूनच येतात, इतकाच काय तो अडसर.

दुसरे असे की, एका टप्प्याला दिलेले संरक्षण पुढच्या टप्प्याच्या माथी बसते. 2021 मध्ये कापसाच्या आयातीवर 11 टक्के शुल्क लागले. त्यामागे शेतकऱ्याचे हित असले, तरी सूत महागले की मार विणणाऱ्यालाच बसतो. कृत्रिम तंतूंवर 18, त्यांच्या सुतावर 12 आणि कापडावर 5 टक्के जीएसटी, हा उलटा प्रकारही 22 सप्टेंबर 2025 पर्यंत चालूच होता. आता तिन्ही ठिकाणी 5 टक्के आहे, ही उशिराने का होईना, योग्य दुरुस्ती म्हणावी लागेल.

उत्तर : रॅपियरधारक, विटा
साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिके (आडवे धागे) मारतो, रॅपियर त्याच्या तिप्पट-चौपट; परंतु खरा फरक दोषांत आहे. साध्या मागावर कांडी, म्हणजे धोट्यातली आडव्या सुताची गुंडाळी, संपली की जिथे जोड येतो, तिथे कापडावर आडवा पट्टा उमटण्याची भीती असते, आणि निर्यातीचा ग्राहक उजेडाच्या टेबलावर कापड पसरून असे दोष मोजतो. मात्र शटलच्या (धोट्याच्या) साध्या मागावर येते तशी पक्की किनार रॅपियरवर येत नाही, म्हणून धोतर-पंचासारख्या मालाला साधे मागच बरे. सगळे भंगारात घालू नयेत.

मागवाला
मग रॅपियर घेऊनही खर्चीनेच काम करावे लागले तर?

उत्तर : सूतगिरणीतील निवृत्त अधिकारी
मुख्य धोका तोच आहे. खर्चीवाल्याच्या हाती फक्त मजुरी असते. कामगाराची मजुरी 52 पिकांच्या (इंचाला 52 आडवे धागे) हिशेबाने वाढते, वीजबिल वाढते, आणि वीजदरात सवलत मिळाली तरी दर ठरवताना व्यापारी ती आपल्या बाजूने धरतो, असा माझा अनुभव आहे. चीनशी स्पर्धा करणारा कारखाना सूत, विणकाम व प्रोसेसिंग (धुलाई-रंगाई) यांचा हिशेब एकत्र मांडतो. आपण त्यातील एकच तुकडा अधिक वेगाने कराल आणि हप्ते मात्र संपूर्ण यंत्राचे फेडाल. शेजारच्या चार-पाच खर्चीवाल्यांनी मिळून सूत रोखीने खरेदी केले आणि कापड स्वतः विकले, तरच रॅपियरचे कर्ज पेलेल. तोपर्यंत कर्जाच्या अर्जाआधी व्यापाऱ्याकडून किमान दोन वर्षांच्या कामाची हमी आणि दोषी मालाची कपात कोण सोसणार, हे लिहून घ्यावे.