जुन्या गॅरेजची बागेतली खोली करायची आहे. पाडू की सुधारू?

शेवंती_अंगण:
पुणे, कोथरूड. १९७०च्या दशकातला बंगला, मागच्या कोपऱ्यात गॅरेज. आतलं माप १० बाय १८ फूट. पश्चिमेची लांब भिंत म्हणजे हद्दीचीच ९ इंची भिंत, बाकीच्या साडेचार इंची. वर लोखंडी अँगलवर सिमेंटचे पत्रे. बागेकडे (पूर्वेला) पत्रा जेमतेम सात फुटांवर, हद्दीकडे आठ. दक्षिणेला ८ फूट रुंद, ७ फूट उंच शटर. कोबा तेलकट आणि शटरकडे दोन इंच उतरता. पश्चिमेच्या भिंतीला दोन फुटांपर्यंत ओल, लोणा लागून गिलावा सुटतोय.

बसायला-वाचायला खोली हवी, बागेकडे मोठं काचेचं दार, एक टनाचा एसी. कंत्राटदार म्हणतो, पाडून स्लॅब टाकू. नाहीतर भिंतीला आतून केमिकल मारून टाइल लावू, शटर विटांनी बंद करू आणि खाली पीओपी करू. कोणतं बरं?

नकाशा_आधी:
पाडण्याआधी मंजूर नकाशा काढा. गॅरेज सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळी सोडायच्या जागेत) असणार, आणि तिथे ते फक्त गॅरेज म्हणून चालतं. एकदा पाडलंत की नवं बांधकाम आजच्या नियमांनी होईल. म्हणजे हद्दीपासून अंतर सोडा, आणि मग त्या कोपऱ्यात खोली उरतच नाही. कंत्राटदार हे सांगत नाहीत.

दुसरं, वापर बदलतोय. गॅरेजला सहसा २.४ मीटरपर्यंतच उंची मिळते, राहण्याच्या खोलीला किमान २.७५ मीटर लागते. शिवाय ही जागा नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेली असेल तर गाडीला दुसरी जागा दाखवावी लागेल. उंची वाढवणं, शटर बंद करणं, दोन्ही परवानाधारक आर्किटेक्टकडून आधी कागदावर आणा. प्लॉट गृहरचना संस्थेचा असेल तर तिचं ना-हरकत पत्रही. आणि पश्चिमेला, शेजाऱ्याच्या अंगावर, खिडकी किंवा पत्र्याचं पाणी अजिबात नको.

धुम्मस:
कागद जमले असं धरून सांगतो. पाडू नका, पण त्या भिंतींवर स्लॅबही टाकू नका. साडेचार इंची भिंत स्लॅबचं वजन घेण्यासाठी नसते.

आधी जमीन. कोबा पूर्ण उखडा. तेल मुरलेल्या कोब्यावर नवा माल धरत नाही, पोकळ वाजतो. शिवाय वाळवीचं औषध मातीतच जायला हवं. चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, म्हणजे तुमच्या पावणेसतरा चौरस मीटरला साधारण ८५ लिटर. त्यावर सहा इंच मुरूम, तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, पाणी मारून धुम्मस करून (ठोकून-दाबून). दाबून ९० घनफूट लागतो, म्हणून सैल सव्वा ब्रास (१२५ घनफूट) मागवा. मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्याला सहा इंच चढ देऊन आणि कडेला भिंतीवर वर वळवून. त्यावर चार इंच पीसीसी (सळईविना काँक्रीट), सिमेंट-वाळू-खडी १:४:८, सिमेंट सुमारे सहा पोती. वर दोन-अडीच इंचांत माल आणि कोटा फरशी.

आता खरी गोम. हे सगळं करून, उखडलेल्या कोब्याची जाडी वजा जाता, फरशी जुन्या कोब्यापेक्षा आठ-साडेआठ इंच वर येते, आणि ती यायलाच हवी. बागेच्या मातीपेक्षा सहा इंच तरी वर नसेल तर पावसाळ्यात पाणी दारातून आत येतं. पण शटरचं लिंटेल (वरची आडवी तुळई) सात फुटांवर आहे, म्हणजे नव्या फरशीवरून ते सव्वासहा फुटांवर येणार. तिथे खिडकी ठेवायची तर चालेल. दार हवं तर लिंटेल फोडून वर घ्यावंच लागेल. गवंड्याने फरशी आधी भरली आणि दार नंतर मोजलं, की हा घोळ हमखास होतो.

शटरच्या जागी भिंत रॅम्पवर उभी करू नका. तिथे पाया नसतो, पहिल्याच पावसाळ्यात बसते आणि दोन्ही बाजूंना उभी चीर पडते. दीड फूट खोदून पीसीसीवर पायाची बांधणी करा. जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याखाली कोंबडीजाळीची फूटभर रुंद पट्टी मारा.

ओलीच्या भिंतीला आतून केमिकल आणि टाइल हा पैसे घालवायचा प्रकार. पाणी भिंतीत खालून चढतंय. आतून तोंड बंद केलंत की ते आणखी वर चढून टाइलच्या वरून बाहेर पडतं. ओल आज दोन फुटांवर आहे, उद्या चारवर जाईल. बाहेरून दुरुस्ती करायची तर शेजाऱ्याच्या अंगणात उतरावं लागेल. त्यापेक्षा सुटा गिलावा काढून ती भिंत तशीच श्वास घेऊ द्या आणि दोन इंच पोकळी सोडून आत चार इंची एएसी ब्लॉकची (हलक्या सच्छिद्र सिमेंट विटांची) वेगळी भिंत उभी करा. तिच्याखाली पीसीसी नऊ इंच जाड करा. पोकळीत माल सांडू देऊ नका, एक गठ्ठा अडकला तरी ओल त्यावरून आत येते. दोन्ही टोकांना वर-खाली जाळीदार भोकं. रुंदी साडेनऊ फुटांच्या आत येईल, तरी खोली भरपूर उरते.

शेवंती_अंगण:
धन्यवाद. मग छताचा भार कशावर? आणि पत्रे तेच ठेवून खाली पीओपी केलं तर?

पन्हळ:
ते ठेवू नका. मे महिन्यात त्या पत्र्याखाली एसी हरतो. आणि त्या काळचे सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. फोडायचे नाहीत, ड्रिल करायचे नाहीत, झाडूने झाडायचे नाहीत. पाण्याने भिजवून गंजलेले जे-बोल्ट (पत्रा धरणारे आकडे) कापायचे आणि पत्रा अख्खा उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. राडारोड्याच्या ट्रॅक्टरमध्ये तुकडे टाकू देऊ नका. कामगारांना साधा कापडी रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क द्या.

भार भिंतींवर नकोच. तीन-तीन लोखंडी चौकोनी खांब दोन रांगांत, प्रत्येकाला स्वतंत्र फुटिंग (काँक्रीटचा पाया). मापं स्ट्रक्चरल इंजिनियरकडून घ्या. खांबाची बेसप्लेट (तळाची लोखंडी पाटी) फरशीत गाडू नका, पेडेस्टल (पायावरचा काँक्रीटचा ठोकळा) फरशीच्या वर काढून त्यावर बसवा, नाहीतर पोचा मारून-मारून तळाशी गंजते. बागेकडची साडेचार इंची भिंत मग मोकळी झाली, तिथे आठ फुटांचं सरकतं दार सहज बसेल.

वर ५० मिमीचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम). उतार बागेकडे, दहा फुटांना एक फूट. बागेकडे दोन फूट पुढे काढा, उत्तर-दक्षिण एकेक फूट, हद्दीकडे शून्य. तिथे भिंतीच्या माथ्यावरून आत येईल असं पत्र्याचं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत न सोडणारी पट्टी). पॅनेलची रुंदी एक मीटर धरली तर वीस फुटांना सात लागतील. स्क्रू उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही. रबरी वॉशर चेपेपर्यंत आवळला की दोन वर्षांत फाटतो आणि तिथून थेंब सुरू. हलकं छत वळवाच्या वाऱ्यात उचललं जातं, म्हणून पर्लिन (पॅनेल पेलणारी आडवी लोखंडी पट्टी) आणि खांबाचा जोड वेल्डिंगवर न सोडता बोल्टचा ठेवा.

छत साधारण २३ चौरस मीटर. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर मिनिटाला जवळपास ४० लिटर पाणी नेमकं तुमच्या दारावर पडणार. सहा इंची पन्हळ आणि दोन्ही टोकांना ११० मिमीचे पाइप. एक पाइप हिशेबाला पुरतो, पण आंब्याच्या पानांना हिशेब कळत नाही.

नकाशा_आधी:
विजेचं राहिलं. गॅरेजला बहुधा दिव्यापुरती एक चौरस मिमीची वायर असते, तिच्यावर एसी लावू नका. मुख्य बोर्डापासून चार चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी, ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून. बागेतून नेताना दोन फूट खोल पाइपमध्ये, वर विटांचा थर. कुदळ लागते हो.

धुम्मस:
आणि पत्रे उतरवायचं काम दिवाळीनंतर धरा. एप्रिलच्या शेवटी छत उघडं असेल तर वळवाची एक सर ताज्या मुरमाचा चिखल करते.