परिषदेतील ‘सोशल इव्हेंट्स’ची आखणी कशी करावी?

अनियत :
आमच्या विभागातर्फे येत्या डिसेंबरात पुण्यात सांख्यिकीय भौतिकीवर पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार आहे. सुमारे २२० प्रतिनिधी अपेक्षित असून त्यांपैकी साठेक परदेशांतून येतील. स्थानिक आयोजन समितीत मी वयाने सर्वांत लहान असल्यामुळे व्याख्यात्यांची निवड ज्येष्ठांकडे गेली आणि ‘सोशल इव्हेंट्स’ या सदराखाली जे काही येते ते सगळे माझ्या पदरात पडले. (‘सामाजिक कार्यक्रम’ असा शब्द मी पहिल्या टिपणात वापरला होता. तो वाचून विभागप्रमुखांनी रक्तदान शिबिर कोणत्या दिवशी ठेवले आहे, असे विचारले.)

समितीने तयार केलेला कच्चा आराखडा असा आहे. पहिल्या दिवशी दोन तासांचे उद्घाटन, त्यात दीपप्रज्वलन, पाच भाषणे आणि मान्यवरांचा सत्कार; संध्याकाळी स्वागतसमारंभ. दुसऱ्या दिवशी व्याख्याने संपल्यावर तीन तासांचा सांस्कृतिक कार्यक्रम, ज्यात सतारवादन, भरतनाट्यम आणि लावणी असे तिन्ही असावे असा आग्रह आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता निघून कार्ले, भाजे आणि लोहगड पाहून रात्री नऊपर्यंत परत. चौथ्या दिवशी एका तारांकित हॉटेलात मेजवानी, तिचे शुल्क वेगळे. पाचव्या दिवशी समारोप आणि पुन्हा सत्कार.

मला हे सारे फार दाटीचे वाटते, परंतु नेमके कोठे काटछाट करावी हे सांगण्याइतका अनुभव माझ्यापाशी नाही. सहलीसाठी कोणते ठिकाण योग्य ठरेल, विद्यार्थ्यांकडून मेजवानीचे वेगळे शुल्क घ्यावे का, आणि प्रतिनिधींबरोबर येणाऱ्या कुटुंबीयांसाठी काय करावे, या तीन गोष्टींवर जाणकारांनी विशेष प्रकाश टाकावा, ही विनंती.

मंदगती :
मी निवृत्त होण्यापूर्वी लहानमोठ्या नऊ परिषदांच्या आयोजनात होतो आणि त्यांपैकी पहिल्या चारांत मी आपल्या समितीसारखाच आराखडा केला होता, हे आधीच कबूल करतो. त्या आराखड्यामागे आपला आतिथ्याचा संस्कार असतो. पाहुणा आला की त्याला एक क्षणही रिकामे बसू द्यायचे नाही, असे आपल्याला मनापासून वाटते. परिषदेला आलेल्या माणसाला मात्र नेमका तो रिकामा क्षणच हवा असतो, कारण ज्याचे निबंध तो दहा वर्षे वाचत आला आहे त्या व्यक्तीला एकटे गाठून ‘तुमच्या तिसऱ्या समीकरणात मला एक शंका आहे’ असे म्हणण्याची संधी त्याला सभागृहात मिळत नाही.

१९२७ च्या ऑक्टोबरात ब्रुसेल्सला भरलेली पाचवी सॉल्व्हे परिषद आज कशासाठी आठवली जाते, ते पाहा. तेथे २९ शास्त्रज्ञ होते आणि रीतसर निबंधवाचनही झाले. पण पुंजयामिकीच्या (क्वांटम सिद्धान्ताच्या) अर्थाविषयी बोर आणि आइन्स्टाइन यांचा गाजलेला वाद मुख्यतः हॉटेलात रंगला. सकाळच्या न्याहारीला आइन्स्टाइन एखादा काल्पनिक प्रयोग मांडत आणि रात्रीच्या जेवणापर्यंत बोर त्यातली त्रुटी शोधून आणत, असे हायझेनबर्ग यांनी लिहून ठेवले आहे. त्या न्याहारीच्या वेळी कोणी सनईवादन ठेवले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी.

ज्या संस्थांना परिषदांचा दीर्घ अनुभव आहे त्यांनी ही मोकळीक वेळापत्रकातच बसवली आहे. अमेरिकेतल्या गॉर्डन परिषदांत व्याख्याने सकाळी आणि रात्रीच्या जेवणानंतर होतात. मधली दुपार बहुतांशी मोकळी असते. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख येथे १९४४ पासून चालणारी गणितसंस्था आहे. तेथे जेवणाच्या टेबलांवर प्रत्येकाच्या नावाचे हातरुमालाचे पाकीट ठेवलेले असते आणि कर्मचारी त्या पाकिटांच्या जागा सतत बदलत राहतात, त्यामुळे कोणालाही आपल्याच गावच्या मंडळींचे कोंडाळे करून बसता येत नाही. बुधवारी दुपारी सगळेजण डोंगरातून पायी फिरायला जातात आणि केक खाऊन परततात. मी हा पाकिटांचा प्रयोग पुण्यात एकदा करून पाहिला. पहिल्या दिवशी दोन ज्येष्ठ प्राध्यापक रागावले, तिसऱ्या दिवशी तेच दोघे आपापली पाकिटे शोधत उत्साहाने फिरत होते.

म्हणून माझा सल्ला असा की उद्घाटन अर्ध्या तासात आटोपावे आणि सत्कार फक्त एकदाच, तोही मेजवानीच्या वेळी करावा. शालींचा खर्च वाचेल तो चहापानाकडे वळवावा. प्रत्येक सत्रानंतर वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांचे चहापान ठेवले, उभ्याने बोलता येईल अशी उंच टेबले मांडली आणि लिहायला दोन काळे फळे व खडू ठेवले, तर त्याहून चांगला ‘सोशल इव्हेंट’ मला ठाऊक नाही.

चौथी रांग :
मंदगती सरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे केवळ व्यत्यय, असा सूर त्यातून निघतो तो मला पटत नाही. प्रश्न कार्यक्रम असावा की नसावा हा नसून तो आलेल्या लोकांशी काही नाते सांगतो की नाही, हा आहे.

१९ ते २७ ऑगस्ट २०१० या काळात हैदराबादला आंतरराष्ट्रीय गणितज्ञांचे महाअधिवेशन झाले, जे भारतात प्रथमच भरत होते. मी तेव्हा विद्यार्थी म्हणून गेलो होतो. तिथल्या व्याख्यानांतले मला आज किती आठवते हे विचारू नये; पण विश्वनाथन आनंद एकाच वेळी चाळीस जणांशी बुद्धिबळ खेळत पटांमधून फिरत होते, ती संध्याकाळ लख्ख आठवते. एका चौदा वर्षांच्या मुलाने त्यांना बरोबरीत रोखले आणि सभागृहातल्या गणितज्ञांना एखादा प्रमेय सुटल्याइतका आनंद झाला. त्याच अधिवेशनात रामानुजन आणि हार्डी यांच्यावरचे एक इंग्रजी नाटक झाले आणि उस्ताद राशिद खान यांचे गायनही झाले. यातल्या प्रत्येक गोष्टीला त्या श्रोत्यांसमोर असण्याचे कारण होते. सतार, भरतनाट्यम आणि लावणी एका संध्याकाळी कोंबण्याला मात्र ‘परदेशी पाहुण्यांना भारत दाखवणे’ याखेरीज कारण दिसत नाही, आणि त्यातल्या एकाही कलेला त्यात न्याय मिळत नाही. एकच कलावंत बोलवावा, सव्वा तास द्यावा, आणि सुरुवातीला दहा मिनिटे ताल किंवा राग म्हणजे काय हे त्यांनाच इंग्रजीतून समजावून सांगू द्यावे. सांख्यिकीय भौतिकीच्या मंडळींना तिहाईचे, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येण्याचे गणित कळले की ती समेची वाट पाहत बसतात, हे मी पाहिले आहे.

आणखी एक. परिषद डिसेंबरात आणि पुण्यात आहे, तर तिच्या तारखा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाशी जुळतात का हे आधी पाहावे. जुळत असतील तर स्वतंत्र कार्यक्रमाचा खर्च का करावा? एक संध्याकाळ मोकळी सोडून इच्छुकांची तिकिटे एकत्र काढावीत. १९५३ पासून चालत आलेला तो उत्सव, भारतीय बैठक मांडून बसलेले हजारो श्रोते आणि बाहेर मिळणारा बटाटावडा, हे कोणत्याही हॉटेलच्या सभागृहात उभे करता येत नाही.

प्रतिनिधींच्या अंगच्या कलांनाही वाव ठेवावा. १९९८ साली सान्ता बार्बारा येथे स्ट्रिंग सिद्धान्ताच्या परिषदेतल्या मेजवानीत भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री हार्वे यांनी त्याच विषयातले संशोधक माल्डासेना यांच्या ताज्या शोधनिबंधावर रचलेले विडंबनगीत म्हटले आणि जमलेले भौतिकशास्त्रज्ञ त्यावर नाचले. असे काही ठरवून घडत नाही, पण एक ध्वनिवर्धक आणि अर्धा तास मोकळा ठेवला नाही तर ते मुळीच घडत नाही. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, हे ध्यानात ठेवून वेळ आखावी.

दगडधोंडे :
मी भूशास्त्राचा असल्यामुळे केवळ सहलीबद्दल लिहितो. कार्ले, भाजे आणि लोहगड हे तिन्ही एका दुपारी करणे म्हणजे प्रतिनिधींना तीन वाहनतळ दाखवण्यासारखे आहे. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण एकला निघालात, वाटेत वाहतूक कोंडी लागली, तर कार्ल्याच्या पायथ्याशी तीन वाजतील, आणि वरपर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोनशे माणसांत दहाबारा जणांचे गुडघे दुखत असणार हे गृहीत धरावे. दुपारच्या सहलीसाठी फक्त कार्ले ठेवावे आणि तेथील चैत्यगृहात निवांत अर्धा तास द्यावा. दगडात कोरलेल्या छताला आतून लाकडी कमानी बसवल्या आहेत आणि त्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, हे सांगितल्यावर बहुतेकांच्या माना आपोआप वर जातात. ज्या काळ्या दगडात लेणे कोरले आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, एवढे सांगायला एखादा स्थानिक भूशास्त्राचा विद्यार्थी बरोबर घ्यावा. तो व्यावसायिक मार्गदर्शकापेक्षा जास्त प्रश्न झेलेल.

पूर्ण दिवस देता आला तर मात्र मी उत्तरेकडे जाईन. नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकडीसाठी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरली, त्यामुळे वजन आणि वाऱ्याचा रेटा दोन्ही कमी झाले. अल्प खर्चात हे कसे साधले, हा विषय प्रायोगिक मंडळींना तासभर पुरतो. भेटीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि तेथे मोबाइल बंद ठेवावे लागतात कारण त्यांच्या लहरी निरीक्षणात अडथळा आणतात. हे बंधन मला तर वरदानच वाटते. दोनशे शास्त्रज्ञ फोनशिवाय एकमेकांशी बोलत उभे आहेत, हे दृश्य आता इतरत्र दिसत नाही.

तिथून जुन्नरमार्गे नाणेघाट गाठता येतो. सातवाहनकाळातल्या त्या घाटातील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख असून त्यात यज्ञांत दिलेल्या गाईंच्या व नाण्यांच्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. संख्यांवर पोट भरणाऱ्या लोकांना भिंतीवरचे ते अंक दाखवायला मला फार आवडते. लोणारचे नाव समितीत निघेलच, कारण ते दरवेळी निघते. उल्का आदळून झालेले १.८ किलोमीटर व्यासाचे ते आघातविवर अपूर्व आहे, पण पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याचे ठिकाण नव्हे. परिषदेनंतर दोन दिवसांची ऐच्छिक सहल काढावी.

चिमटा आणि स्टँड :
मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे आणि अशा परिषदांत ज्यांच्यासाठी हे सगळे चालते असे म्हटले जाते, त्या वर्गातली आहे. म्हणून शुल्काबद्दल स्पष्ट लिहिते. मेजवानीचे शुल्क वेगळे ठेवले की विद्यार्थी येत नाहीत. गेल्या वर्षी एका परिषदेत मेजवानीचे शुल्क माझ्या शिष्यवृत्तीच्या मानाने इतके होते की आम्ही सातजण त्या रात्री बाहेर मिसळ खाऊन वसतिगृहावर परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या रांगेत सगळे आदल्या रात्रीच्या गप्पांबद्दल बोलत होते. नोंदणी शुल्कातच मेजवानी धरावी, आणि खर्च जड जात असेल तर हॉटेलाचा दर्जा उतरवावा. मेजवानी तारांकित असण्याची गरज नाही. परिषद डिसेंबरच्या उत्तरार्धात असेल तर शहराबाहेर एखाद्या शेतावर हुरड्याचा बेत होऊ शकेल. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसे, लसणाची चटणी, गूळ आणि दही यांभोवती जमिनीवर बसून नोबेलविजेत्याशी बोलायलाही भीती वाटत नाही. मात्र हुरडा त्या वर्षीच्या पेरणीवर अवलंबून असतो, तेव्हा शेतकऱ्याकडे आधी चौकशी करावी.

दुसरा मुद्दा परतीचा. कार्यक्रम रात्री कितीही वाजता संपो, वसतिगृहापर्यंतची शेवटची बस कोणती आणि ती कोठून सुटेल, हे छापील पत्रकात असावे. आमच्यापैकी कित्येकजणी ‘परत कसे जायचे’ या एका प्रश्नापायी साडेआठलाच उठतात. मद्य देणार असाल तर विद्यापीठाच्या आवारात ते बहुधा चालणार नाही. बाहेर द्यायचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाची एक दिवसाची परवानगी काढावी लागते. पण त्याहून महत्त्वाचे हे की आचारसंहिता नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे व दूरध्वनी क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापावेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत समिती असतेच. ती परिषदेच्या काळातही लागू आहे, हे बाहेरून आलेल्या मुलींना कोणी सांगत नाही. अप्रिय प्रसंग व्याख्यानांत क्वचित घडतात, अशा संध्याकाळींच घडतात.

कुटुंबीयांबद्दल एकच सुचवते. पूर्वी ‘लेडीज प्रोग्रॅम’ म्हणून साड्यांची दुकाने दाखवत असत, तो प्रकार कृपया नको. आता बरोबर येणारे पतीही असतात आणि तान्ही मुलेही. फिरण्याची सोय लोक स्वतः करतात. तीच रक्कम आवारात पाळणाघर चालवण्याकडे वळवली तर दोनतीन तरुण संशोधक स्त्रिया परिषदेला येऊ शकतील, ज्या एरवी येणारच नाहीत.

अनियत :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली, तिचा वृत्तान्त थोडक्यात देतो. उद्घाटन चाळीस मिनिटांवर आले. अर्ध्या तासावर आणता आले नाही, कारण कुलगुरूंचे भाषण अढळ आहे. सत्कार एकदाच करण्याचे ठरले. मेजवानी नोंदणी शुल्कात समाविष्ट झाली आणि हॉटेलाऐवजी आमच्याच आवारातील हिरवळीवर होईल. पाळणाघराला सगळ्यांनी लगेच मान्यता दिली, ज्याची मला अपेक्षा नव्हती. चहापान चाळीस मिनिटांचे करण्यासाठी दोन निमंत्रित व्याख्याने कमी करावी लागतील. त्यावर मात्र ज्येष्ठांचा अजून विचार चालू आहे.

सहलीसाठी बुधवारचा पूर्ण दिवस मोकळा केला असून खोडदच्या परवानगीसाठी पत्र पाठवले आहे. दगडधोंडे सरांना एक विचारायचे आहे. नाणेघाटाच्या रस्त्यावर पन्नास आसनांच्या बस शेवटपर्यंत जातात का, की जुन्नरहून लहान गाड्या कराव्या लागतील?

दगडधोंडे :
मी नेहमी वीस-बावीस आसनांच्या गाड्याच केल्या आहेत आणि आपणही त्याच कराव्यात, कारण घाटमाथ्यावर मोठ्या गाड्या वळवण्याची अडचण होते. निघण्याआधी एकदा स्वतः जाऊन पाहून यावे. दुपारचे जेवण नारायणगावातच उरकावे. वर दोनशे माणसांची व्यवस्था होणार नाही. आणि लेण्यात एका वेळी तीसेकजणांनीच जावे, बाकीच्यांनी तोवर कड्यावरून कोकण पाहावे.